शपथेच्या आधी संवाद

ज्या घरात दारू शिरली आहे, तेथील माऊलीला बेल्ह्याचा सोमवारचा बाजार उठला की एकच चिंता पडते: बैलाचे किती पैसे घरी पोहोचतील? अशा माणसाला आपण उपदेश करतो, शपथ घालतो. शपथ मोडली की तो लाजेने आपल्यालाच टाळू लागतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली वेगळी वाट मांडली. तिला प्रेरक संवाद म्हणू या. येथे समुपदेशक ‘दारू सोडा’ असे सांगत नाही. ‘दारूने तुम्हांला काय मिळते, काय हिरावले जाते?’ असे विचारतो आणि ऐकतो. वाद घातला की माणूस दारूचीच बाजू घेतो. बदलाचे कारण त्याच्याच तोंडून यावे लागते.

हे केवळ तज्ज्ञांचे काम नव्हे. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांचा अभ्यास केला. याच पद्धतीचा आधार घेऊन जास्तीत जास्त चार भेटींत समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षित सामान्यजन होते. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी शेकडा ३६ जण त्या मद्यपानातून बाहेर आले होते. इतरांत शेकडा २६. शंभरांमागे दहा घरे आम्हांला थोडी वाटत नाहीत.

दारूवाचून ज्याचे हात सकाळी थरथरतात, त्याने मात्र आधी डॉक्टरांकडे जावे. एकाएकी दारू थांबवणे जिवावर बेतू शकते. पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ पासून आहेच. परंतु शेत सोडून तिथवर किती जण जातील? जुन्नर तालुक्यातील आरोग्य केंद्रांत आणि आपल्या धर्मग्रामांत दोघा-तिघांना तरी हे प्रशिक्षण मिळावे, अशी आमची मागणी आहे.