सात वर्षांची शिक्षा, तीही ‘निदान’



जबलपूर विभाग २००३ पर्यंत मध्य रेल्वेत होता, त्यामुळे इथे बदलीवर आलेली मराठी घरे पुष्कळ. विजय नगरात आमच्या ओळीत भुसावळहून आलेले एक टेक्निशियन राहतात. २०१६ साली बदली झाली तेव्हा लास्ट पे सर्टिफिकेट वेळेवर पोचले नाही. दोन महिने पगार अडला, मोटारसायकलीचे दोन हप्ते चुकले. फायनान्स कंपनीने दंडावर दंड चढवला, वाद झाला. पुढच्या वर्षी वसुलीवाला म्हणाला, “इतके भरा, विषय मिटला.” त्यांनी भरले, पावती घेतली आणि विसरून गेले.

२०२४ च्या अखेरीस घरासाठी कर्ज मागायला गेले, तर बँकेतल्या साहेबांनी संगणकात पाहून मान हलवली. नोंद होती ‘सेटल्ड’, म्हणजे कर्ज पूर्ण फेडले नाही, तडजोडीत सोडवले. मधल्या काळात सोसायटीची कपात दरमहा पगारातून बिनबोभाट झाली. तरी बँकेच्या लेखी हा माणूस अजून बुडव्याच!

असा डाग किती वर्षे ठेवायचा, याला काही कायदा आहे की नाही? आहे. पतविषयक माहिती कंपन्यांचा कायदा २००५ साली झाला, २००६ च्या अखेरीस लागू झाला. त्याखालच्या विनियमांत म्हटले आहे की पतमाहिती किमान सात वर्षे जपून ठेवावी. किमान! हा शब्द नीट वाचा. सात वर्षे हा तळ आहे, छत नव्हे.

आता गंमत बघा. ज्याला आपण सगळे ‘सिबिल’ म्हणतो, ती २००० साली स्थापन झालेली कंपनी आज अमेरिकेच्या ट्रान्सयुनियनच्या ताब्यात आहे. त्याच अमेरिकेत १९७० च्या कायद्याने सर्वसाधारण थकबाकीची नोंद सात वर्षांनंतर अहवालात दाखवता येत नाही. दिवाळखोरीची दहा वर्षांनंतर नाही. मालक एकच, पण तिथल्या कामगाराला सात वर्षे हे छत आणि आमच्या कामगाराला तळ. जागतिकीकरण म्हणतात ते हेच काय?

रेल्वेचे १९६८ चे शिस्त व अपील नियम काही मवाळ नाहीत, हे आपल्यापैकी अनेकांनी अंगावर सोसले आहे. पण त्यांतसुद्धा वेतनवाढ रोखायची तर किती काळासाठी, ते हुकमात लिहावे लागते. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेले साथी १९७७ साली कामावर परत घेतले गेले. येणे रकमेसाठी सावकाराला दावा लावायचा तरी मुदतीच्या कायद्यात साधारणपणे तीनच वर्षे आहेत. न्यायालय ज्या देण्याचा दावा तीन वर्षांनंतर ऐकत नाही, त्या देण्याची कागाळी खासगी कंपनीने सात वर्षे आणि पुढेही सांगत फिरावे, हा कुठला न्याय?

१८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात रयतेने सावकारांच्या वह्या आणि खते हिसकावून जाळली. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला आणि खताच्या मागचा खरा व्यवहार न्यायालय तपासू लागले. आजची वही जाळता येत नाही. ती कोणाच्या घरात नाही.

बँका म्हणतात, नोंद नसली तर बुडवे मोकाट सुटतील. नोंद नको असे आम्ही म्हणत नाही. पण जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ऐपत असून कर्ज बुडवणाऱ्यांशीही तडजोड करायची वाट बँकांना मोकळी केली, तेव्हा बँक कर्मचाऱ्यांच्याच संघटनांनी विरोध केला होता. मोठ्यांची तडजोड ती व्यवहारचातुर्य आणि मोटारसायकलवाल्याची तडजोड तो कलंक!

आणि गोष्ट कर्जापुरती राहिलेली नाही. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, पतइतिहास खराब म्हणून स्टेट बँकेने उमेदवाराची नेमणूक रद्द केली ती योग्य ठरवली. आपली मुले बँकांच्या परीक्षा देतात. उद्या शिक्षणकर्जाचा अडलेला हप्ता त्यांची नोकरी खाईल.

मागणी साधी आहे: विनियमातल्या ‘किमान’ शब्दाच्या जागी ‘कमाल’ घाला. पगार प्रशासनाच्या दिरंगाईने अडला असेल, तर तसा दाखला कार्यालयाने द्यावा आणि त्या काळातले चुकलेले हप्ते थकबाकीत धरू नयेत.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. चारही माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. नोंद चुकीची असेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर २६ एप्रिल २०२४ पासून रोज १०० रुपये भरपाई मागता येते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. खरी नोंद पैसे घेऊन पुसून देतो म्हणणारा भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. आणि वसुलीवाला ‘विषय मिटला’ म्हणाला, तर पैसे मोजण्याआधी एकच विचारा: खाते ‘क्लोज्ड’ लिहिणार की ‘सेटल्ड’? उत्तर कंपनीच्या कागदावर, शिक्क्यानिशी घ्या.