पदवी ही कृपा नव्हे!



कळमनुरी तालुक्यातील एका कुटुंबातील मुलगी इंग्लंडमधील विद्यापीठाची एम.ए. झाली. पदवीदानाच्या दिवशी तिचे आईबाप तेथे नव्हते; त्या प्रवासाचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. काळा झगा घातलेल्या लेकीचे छायाचित्र मोबाईलवर आले आणि वस्तीतील घराघरांतून फिरले. आम्हीही ते पाहिले आणि आमचा ऊर भरून आला. तोच मुलीचा बाप म्हणाला, "नागनाथाची कृपा झाली, दादा. येत्या सोमवारी औंढ्याला जाऊन नवस फेडून येतो."

या कुटुंबाने मागल्याच वर्षी धम्मदीक्षा घेतली आहे. आम्ही त्या बापावर रागावलो नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय एका दिवसाच्या समारंभाने सुटत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु हे वाक्य त्या एकाच घरचे नाही. ते तुमच्याही घरी उच्चारले जाते, म्हणून त्याचे उत्तर जाहीरपणे दिले पाहिजे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. नागनाथ म्हणजे महेशच. तेव्हा हा नवस प्रतिज्ञाभंग आहे, यात शंका नाही. पण आमची तक्रार एवढ्यावरच थांबत नाही. या नवसाने तुमच्या हक्काचे काय होते, तो खरा प्रश्न आहे.

पदवी नागनाथाने दिली म्हणता, तर मग त्या आईने काय केले? दरसाल हळद काढणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या शेतात वाकून तिने मजुरी केली, ती कोणाच्या खाती जमा धरावयाची? वसतिगृहाच्या खोलीत रात्री जागून परकी भाषा आपलीशी करणाऱ्या त्या मुलीचे श्रम कोणाचे? अनुसूचित जातींच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी राज्यघटनेच्या ४६ व्या अनुच्छेदाने राज्यावर टाकली आहे, ती कोणी लिहून ठेवली? जो कृपा मानतो, तो हात जोडतो आणि गप्प बसतो. जो हक्क मानतो, तो हिशेब मागतो. देवापुढे हात जोडण्याची सवय सरकारी मेजापुढेही सुटत नाही, हेच आमचे दुखणे आहे.

कृपा कधी संपेल याचा नेम नसतो. बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. १९१५ साली ते एम.ए. झाले. महाराजांचे हे ऋण आम्ही कधीही नाकारणार नाही. परंतु ती एका उदार राजाची मर्जी होती, प्रजेचा हक्क नव्हे. लंडनमध्ये अभ्यास अर्धवट असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तर कोलंबियाच्या त्या पदवीधराला शहरात राहावयास घर मिळाले नाही. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राचे कर्ज घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. तेथे १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळविली. ज्याला मर्जीवर शिकावे लागले, त्याने पुढच्या पिढ्यांसाठी शिक्षणाची सोय राज्यघटनेत लिहून ठेवली, याचा अर्थ आपण ओळखला पाहिजे.

आता आजची स्थिती पाहा. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. २०२२ साली तिच्या नियमांत एक अट घालण्यात आली : भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाज यांवरील विषयांच्या अभ्यासासाठी ती मिळणार नाही. मे १९१६ मध्ये कोलंबियात बाबासाहेबांनी वाचलेला निबंध भारतातील जातींवरच होता. म्हणजे या अटीखाली त्या विषयाच्या अभ्यासाला शिष्यवृत्ती नाकारली गेली असती! २०२५ साली निवड झालेल्या १०६ जणांपैकी प्रथम ४० जणांनाच तात्पुरती मंजुरीपत्रे मिळाली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाला तर पत्र देऊ, असे सांगण्यात आले. इंग्लंडमधील वर्ग बहुधा सप्टेंबरमध्ये सुरू होतात. शिष्यवृत्तीचे पत्र हाती नसेल तर व्हिसासाठी लाखो रुपये सलग २८ दिवस बँकेत ठेवलेले दाखवावे लागतात. मजुराच्या घरी ते कोठून यावेत? पत्राला महिन्याचा उशीर म्हणजे मुलाचे वर्ष बुडाले. अशा वेळी कोणाला नवस बोलणार?

आणखी एक भीती आमच्या कानावर येते. 'दाखल्यावर बौद्ध लिहिले तर सवलती जातील,' असे नवदीक्षितांना कोणी ना कोणी सांगत असतो. ही भीती एके काळी खरी होती. १९५६ नंतर केंद्राच्या सवलती बौद्धांना नाकारल्या गेल्या. धर्म सोडा नाहीतर हक्क सोडा, असा तो व्यवहार होता. आपल्या माणसांनी चौतीस वर्षे ते सोसले, पण ते धम्मापासून ढळले नाहीत. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातींत बौद्धांचा समावेश झाला. हे कोणत्या नवसाने घडले नाही, लढ्याने घडले. म्हणून धर्म लपवू नका.

तर मग करावयाचे काय? मुलगा वा मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोहोचण्यापूर्वीच जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध यांच्यासाठी दरवर्षी ७५ जागा आहेत. केंद्राची योजना वेगळी आहे. दोन्हींची माहिती समाजकल्याण कार्यालयात जाऊन मागा. उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. विहारात दर पौर्णिमेस जमता, तेथे वंदनेनंतर अर्धा तास या कामाला द्या. आणि मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढणाऱ्या बापाने, तिच्या शिक्षणाची गोष्ट निघाली की ऐपतीचे कारण पुढे करू नये.

परदेशातून पदवी घेणाऱ्या तरुणांनाही एक शब्द. सुशिक्षितांनी आपला विश्वासघात केला, ही व्यथा बाबासाहेबांनी मार्च १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत बोलून दाखविली होती. तिकडेच नोकरी करा, हरकत नाही. पण ज्या वाटेने गेलात, ती वाट मागच्या दहा जणांना दाखवा. त्यांचा अर्ज तपासून द्या, मुलाखतीची तयारी करून घ्या. नवस फेडावयाचा नसतो. ऋण फेडावयाचे असते.

बंधूंनो, त्या बापाला आम्ही एवढेच विचारले, "औंढ्याला जाण्या-येण्यात आणि नवसात किती पैसे जातील?" त्याने आकडा सांगितला. आम्ही म्हणालो, "तेवढ्यात वस्तीतील दोन मुलांना इंग्रजीची पुस्तके येतील." तो बराच वेळ बोलला नाही. मग शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहून त्याने विचारले, "तू काय म्हणतीस?" ती म्हणाली, "हळद मी काढली, लेक मी शिकवली. नागनाथानं काय केलं?"

या बाईला जे उमगले, ते तुम्हा-आम्हा सर्वांना उमगो. जय भीम!