मोडीच्या सोन्याचा भाव कोण ठरवतो?

मुरुडच्या बाजारपेठेत सराफाच्या दुकानात शिरावे, तर समोरच फळ्यावर त्या दिवसाचा भाव लिहिलेला दिसतो. सराफ आपणास ज्या दराने सोने देणार, तो हा भाव. तो आपणाकडून ज्या दराने घेणार, तो दर मात्र मी आजवर कोणत्याही फळ्यावर पाहिलेला नाही. तो गिऱ्हाईकाचा चेहरा पाहून सांगितला जातो. एकाच वस्तूच्या दोन दरांपैकी एक जाहीर व दुसरा गुप्त असेल, तर नफा कोठे मुरतो हे ओळखण्यास माझ्यासारखी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवण्याची गरज नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने मुरुड-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. नवी पोफळ फळावर यावयास पाच-सात वर्षे लागतात. तोवर चूल कशावर पेटवावयाची? ज्या घरांत दागिना होता, तेथे तो डब्यातून बाहेर आला. आमच्या वहिनींनी त्या दिवाळीनंतर आपल्या पाटल्या काढल्या. मी त्यांच्याबरोबर गेलो. एका दिवसात तीन दुकाने झाली आणि तीन किमती ऐकल्या. पहिल्याने नुसते पाहूनच "वीस कॅरट धरू" म्हटले. दुसरा पाटल्या घेऊन आत जाऊ लागला, तेव्हा वहिनींनी त्या परत मागितल्या. तिसऱ्याने यंत्राखाली धरल्या, पण यंत्राचा आकडा आम्हांस दाखविला नाही. "भावोजी, तुम्ही एवढे शिकलेले, यातले खरे कोणाचे?" असे वहिनींनी विचारले. मला उत्तर देता आले नाही.

हिशेब सोपा व्हावा म्हणून शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला दहा हजार रुपये धरू. बावीस कॅरट म्हणजे हजारात ९१६ भाग सोने. तीस ग्रॅमच्या पाटल्यांचे २,७४,८०० रुपये झाले पाहिजेत. त्याच पाटल्या वीस कॅरटच्या, म्हणजे हजारात ८३३ भागांच्या, ठरविल्या की २,४९,९०० उरतात. त्यावर शेकडा पाच घट कापली की हाती २,३७,४०५ येतात. एका तोंडी वाक्यात सदतीस हजारांहून अधिक रुपये गेले. पैसे न घेता नवा दागिना घेतला, तर त्यावर घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी पुन्हा वेगळाच.

सराफाची बाजू नाहीच, असे मात्र नव्हे. जुन्या दागिन्यात डाखाचा भाग असतो व तो हलक्या कसाचा असतो. बोरमाळेचे मणी आतून लाखेने भरलेले असतात. खडे, दोरा, काळे मणी यांचे वजन सोन्याच्या भावाने कोणी देणार नाही. आणि सोनार व सराफ यांत भेद केलाच पाहिजे. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी केली, तेव्हा देशोधडीला लागला तो हाताने काम करणारा कारागीर. माझी तक्रार घट कापण्याबद्दल नाही, ती कोणी व कोणाच्या नजरेसमोर मोजली याबद्दल आहे. वजन, कस आणि दर ही तिन्ही मापे एकट्या खरेदीदाराच्या हाती आहेत. शेतमालाच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत, ती हत्ता पद्धत बंद करून उघड लिलाव आणण्यासाठी बाजार समित्यांचे कायदे करावे लागले. सोन्याच्या पेढीवर तो रुमाल अजून पसरलेलाच आहे.

शिवाय सुपारीचे पोते परत घरी आणता येते, आटविलेला दागिना आणता येत नाही. खाडीपलीकडच्या दिवेआगरचा सुवर्णगणेश २०१२ साली दोन रखवालदारांचा जीव घेऊन चोरीस गेला, आणि पोलिसांच्या हाती लागले ते वितळविलेले सोने. मुशीत गेलेल्या सोन्याला कोणाचे नाव उरत नाही. म्हणून वस्तू आत नेण्यापूर्वीच सारे ठरले पाहिजे.

हॉलमार्कची योजना २००० साली आली. जून २०२१ पासून ती २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-आकडी ओळखचिन्हाविना हॉलमार्कचा दागिना विकण्यास सराफास मनाई आहे. हे सारे सराफ विकतो त्या मालासाठी. आजीच्या पाटल्यांवर चिन्ह नसते. त्या मोडण्यास कायद्याची आडकाठी नाही, पण संरक्षणही नाही. मान्यताप्राप्त केंद्रात चार नगांपर्यंत दोनशे रुपयांत कस तपासून मिळण्याची सोय सरकारने २०२२ साली जाहीर केली, ती उपयुक्त आहे. परंतु अशी केंद्रे प्रामुख्याने मोठ्या शहरांत, आणि दागिना पदरात बांधून एकट्या बाईने तितका प्रवास करावा, ही अपेक्षा फाजील आहे.

आपल्यातील काही साथींना हा विषयच क्षुल्लक वाटेल. सोने म्हणजे निपजहीन संपत्ती, सरंजामी हौस, असे आपण वर्षानुवर्षे बोलत आलो. मीही वर्गात हेच शिकविले. पण सातबारा पुरुषाच्या नावे, होडी पुरुषाच्या नावे, भविष्यनिर्वाह निधी कोणाचाच नाही, अशा घरात बाईची स्वतःची म्हणता येईल अशी एकच वस्तू असते. स्त्रीधन ही पत्नीची पूर्ण मालकीची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात १९८५ साली स्पष्ट केले. कोळणीची माळ असो, वाडीवालीच्या पाटल्या असोत की मेहर म्हणून मिळालेला दागिना असो, मालकी कायद्याने तिची आणि किंमत मात्र दुसऱ्याच्या तोंडची, ही स्थिती आपण किती दिवस चालू देणार?

रिझर्व्ह बँकेने २०२५ साली सोनेतारण कर्जासाठी नियम केले आहेत. कस कर्जदाराच्या समक्ष तपासावा. एकूण वजन, निव्वळ वजन, कस आणि खडे, लाख, दोरा यांपोटीची वजावट लिहून द्यावी. गहाण ठेवणारीला हे मिळते, तर विकणारीला का मिळू नये? सराफाने फळ्यावर खरेदीचा दरही लिहावा, आटणी समोर करावी व हीच चार कलमे असलेली छापील पावती द्यावी, अशी मागणी आपण ग्राहक पंचायतीच्या व नगर परिषदेच्या व्यासपीठावरून केली पाहिजे. तपासणी यंत्र गावच्या पतसंस्थेत का असू नये? यंत्र वरचा थरच पाहते, आतला कस आटवूनच कळतो, हे खरे. तरीही भाव बोलण्यापूर्वी बाईच्या हातात एक आकडा येईल. तोवर कार्यकर्त्यांनी निदान सोबत जावे. गृहिणीने जुना दागिना सराफास विकला तर तिच्याकडून जीएसटी घ्यावयाचा नसतो, हे तिला सांगावे. कराच्या नावाने रक्कम कापली गेली, तर लेखी मागावे.

वहिनींनी अखेर तिसऱ्या दुकानात पाटल्या दिल्या. पावती म्हणून डायरीच्या फाडलेल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा मिळाला. तो कागद त्यांच्या पेटीत अजून आहे. त्यावर वजन नाही, कस नाही, दुकानाचे नावही नाही.