उपवासाचे धिरडे आणि उपवासाचा धर्म

नवरात्रात घटस्थापना झाली की घरोघरी एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : अमुक पदार्थ उपवासाला चालतो काय? अलीकडे तो कुट्टूविषयी विचारला जातो. उत्तर भारतात नवरात्राच्या फराळात कुट्टूला मानाचे स्थान आहे. आपल्याकडे मात्र उत्तरेकडून आलेल्या सुनेने त्याची धिरडी केली, तर वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी पडते. ही आठी अनाठायी आहे, असे माझे नम्र मत आहे.

कुट्टू हे गव्हा-तांदळासारखे तृणधान्य नव्हेच. हिमालयाच्या उतारांवर पिकणारी ही वनस्पती आंबट चुक्याच्या कुळातील असून तिच्या त्रिकोणी बियांचे पीठ करतात. उलट आपण निःशंक मनाने खातो ती वरी खरोखर तृणधान्य आहे. आणि बटाटा, मिरची व ज्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, हे सारे अमेरिका खंडातून आलेले पाहुणे! तात्पर्य, फराळाची यादी देशाचाराने ठरते. आपल्या यादीने दुसऱ्याचे व्रत मोजू नये.

धिरड्यांचे साहित्य अगदी साधे. एक वाटी पीठ, सुमारे दीड वाटी पाणी, चवीपुरते सैंधव. गुठळ्या मोडून पीठ सरसरीत भिजवावे व घटकाभर झाकून ठेवावे. या पिठास गव्हाचा चिवटपणा नसल्याने धिरडे उलटताना तुटते. म्हणून उकडलेला एखादा बटाटा कुसकरून त्यात कालवावा. तापलेल्या बिडाच्या तव्यावर तूप फिरवून तळहाताएवढी धिरडी घालावीत आणि कडा सुटल्यावरच उलटावीत. सोबत गोडे दही पुरे. पीठ मात्र ताजे व खात्रीचेच घ्यावे. सप्टेंबर २०२५ मध्ये, ऐन नवरात्रात, दिल्लीत कुट्टूचे पीठ खाऊन अनेक भाविक आजारी पडले होते, हे विसरू नये.

याच पिठाच्या तळलेल्या पुऱ्या आणि भजी यांनी ताट भरले, तर 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपणच खरी करू. 'उप' म्हणजे समीप आणि 'वास' म्हणजे राहणे. देवाच्या सान्निध्यात राहणे हा उपवासाचा खरा अर्थ. ज्या फराळासाठी गृहिणीचा सारा दिवस चुलीपाशी जातो, तो तिला घटापासून दूरच नेतो. दोन धिरडी, वाटीभर दही, आणि उरलेला वेळ जगदंबेचा. मग सून कोणत्याही प्रांतीची असो, सासूसुनांनी जोडीने आरतीस उभे राहावे.