पलटण की मुंबा? आणि आपल्या पोरींचा पुढचा हंगाम?

कबड्डीचा हंगाम सुरू झाला की मराठी घरात दोन पक्ष पडतात. एक पुणेरी पलटणवाल्यांचा, दुसरा यू मुंबावाल्यांचा. रात्री सिरियल लावायची की मॅच, यावरून रिमोटची ओढाताण होते आणि शेवटी बहुतेक घरांत आपणच पोळ्या लाटता लाटता एक डोळा टीव्हीवर ठेवून मॅच बघतो. मग बघतोच आहोत तर जरा नीट बघू या की! काल कोण जिंकलं एवढ्यावर न थांबता कोणता संघ का चालतोय आणि पुढच्या हंगामात त्याचं काय होईल, याचाही अंदाज घेऊ या. एका वर्षाच्या पिकावरून कुणी जमिनीची पारख करत नाही. संघाचंही तसंच आहे, बरं का.

आधी पुण्याचा हिशेब मांडते. प्रो कबड्डी 2014 मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिले दोन्ही हंगाम पलटण तळाला होती. आज कुणाला खरं वाटणार नाही. 2022 च्या नवव्या हंगामात ती अंतिम फेरीत गेली आणि जयपूरकडून 33-29 ने हरली. त्याच्या पुढच्या हंगामात 22 सामन्यांत फक्त 2 हरून गुणतक्त्यात पहिली आली आणि 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाणाला 28-25 ने हरवून विजेती झाली. आता गाडी रुळावर आली म्हणेपर्यंत 2024 च्याच अकराव्या हंगामात घसरण झाली. कर्णधार अस्लम इनामदार गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर बसला आणि गतविजेता संघ बाद फेरीतसुद्धा पोहोचला नाही. मग 2025 मध्ये पुन्हा 18 पैकी 13 सामने जिंकून पलटण पहिल्या क्रमांकावर! मात्र बाद फेरीत दिल्लीशी 34-34 अशी बरोबरी झाली आणि पाच-पाच चढायांच्या टायब्रेकरमध्ये दिल्ली वरचढ ठरली. तेलुगू टायटन्सला हरवून पलटण तरीही अंतिम फेरीत आली, पण 31 ऑक्टोबर 2025 ला दिल्लीत दिल्लीकडूनच 31-28 ने हरली.

म्हणजे चार हंगामांत तीनदा अंतिम फेरी, एकदा विजेतेपद आणि एकदा सपशेल घसरण.

आता मुंबई. यू मुंबाची सुरुवात अगदी उलटी. पहिल्या तिन्ही हंगामांत हा संघ अंतिम फेरीत होता. अनुपकुमार कर्णधार, शांत डोक्याचा. 2015 मध्ये बंगळुरूला 36-30 ने हरवून विजेतेपदही मिळवलं. पण 2016 च्या सुरुवातीला पाटण्याकडून अंतिम सामना हरल्यावर आजवर यू मुंबाने अंतिम फेरी पाहिलेली नाही. आठवा, नववा, दहावा असे सलग तीन हंगाम तर बाद फेरीही नाही. 2024 मध्ये पहिल्या सहांत आले आणि एलिमिनेटरमध्ये पाटण्याने घरी पाठवलं. 2025 मध्ये पहिल्या आठांत आले आणि प्ले-इनमध्ये पुन्हा पाटण्यानेच घरी पाठवलं. पाटणा हा मुंबाचा जुना साडेसातीचा ग्रह दिसतो!

दोन्ही संघ आपल्याच राज्यातले, दोघांकडेही पैसा, दोघांकडेही जाणकार प्रशिक्षक. मग फरक कुठे पडला?

मला तो माणसं घडवण्यात दिसतो. पलटणने युवा पलटण म्हणून तरुण मुलांची आपली वेगळी फळी तयार केली. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ही पोरं 2021-22 च्या हंगामात नवखी म्हणून आली, संघाने त्यांना सांभाळलं आणि दोन वर्षांत त्यांनी ट्रॉफी आणून दिली. अस्लम तर आपल्या शेजारचाच. वैजापूरहून गोदावरी ओलांडली की श्रीरामपूर तालुका लागतो, तिथल्या टाकळीभानचा. वडील लवकर गेले, आईने काबाडकष्ट करून घर चालवलं. त्याच घरातला पोरगा 2023 मध्ये चीनमधल्या हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता.

आता कुणी म्हणेल, पलटणनेही पैसा ओतलाच की. हो, ओतला. दहाव्या हंगामासाठी इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला त्यांनी तब्बल 2 कोटी 35 लाखांना घेतलं आणि त्याने पकडी करून पैसे वसूल करून दिले. पण पुढची गंमत बघा. हाच शादलू पुढच्या हंगामात हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेता झाला. बाराव्या हंगामात 2 कोटी 23 लाखांना गुजरातकडे गेला, तेव्हा मात्र गुजरात पहिल्या आठांतही नव्हता. एक महागडा माणूस चांगल्या घराला आणखी चांगलं करतो, पण विस्कटलेलं घर एकटा सावरू शकत नाही. सुनांवर सगळा भार टाकणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

यू मुंबानेही लिलावात हात सैल सोडला होता. 2022 मध्ये चढाईपटू गुमान सिंगला सव्वा कोटीच्या आसपास मोजले, 2024 मध्ये बचावपटू सुनीलकुमारला 1 कोटीहून थोडे जास्त. सुनीलचा पैसा वाया गेला नाही. तो आल्यावर संघ दोन्ही हंगाम स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात पोहोचला. महाराष्ट्राच्या अजित चव्हाणसारखा चढाईपटूही त्यांना गवसला. आता त्यांना हवी आहे अजितच्या जोडीला दुसरी भरवशाची चढाई. एकाच्या खांद्यावर सगळ्या चढाया टाकल्या की समोरचा संघ त्या एकालाच बाहेर बसवतो आणि मग सगळा खेळ बसतो.

तर पुढच्या हंगामाबद्दल माझं मत असं. पलटण पहिल्या चारांत असणार. चढाईला अस्लम, पंकज मोहिते, आदित्य शिंदे अशी तीन-चार माणसं ज्या संघाने गेल्या हंगामात उतरवली, त्याला एक दुखापत झाली म्हणून अकराव्या हंगामासारखं कोसळायचं कारण नाही. त्यांची दुखरी जागा आहे शेवटची पाच मिनिटं. मोठ्या सामन्यांत तिथेच दोन-तीन गुण निसटतात. मुंबा पहिल्या आठांत येईल, चारांत यायचं असेल तर चढाईची फळी वाढवावी लागेल. अर्थात दरवेळी लिलावात पत्ते नव्याने पिसले जातात, त्यामुळे हा अंदाज हातच्या माणसांवर बेतलेला.

इथपर्यंत आपल्या घरातल्या पुरुषमंडळींची चर्चाही येते. मला पुढचं बोलायचं आहे.

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट आपण गृहीत धरली. ती म्हणजे पुढचा हंगाम होणार. पलटण पहिल्या दोन वर्षांत तळाला होती, तरी ती सुधारली, कारण तिसरं वर्ष होतं. अस्लमचा गुडघा दुखावला तरी तो परत आला, कारण परत यायला जागा होती. हरलेल्याला पुन्हा उभं राहता येतं ते यामुळे. बाईच्या खेळातही हेच घडतं, जर तो पुढचा हंगाम असेल तर. महिलांची क्रिकेट लीग 2023 मध्ये सुरू झाली. सांगलीच्या स्मृती मानधनाला बंगळुरूने 3 कोटी 40 लाखांना घेऊन कर्णधार केलं आणि संघ पहिले पाच सामने ओळीने हरला! आठात फक्त दोन विजय. केवढी टीका झाली होती. पण पुढच्या वर्षी लीग होतीच. 2024 मध्ये त्याच स्मृतीच्या नेतृत्वाखाली बंगळुरूने करंडक उचलला. पुरुषांच्या संघाला तोवर 16 हंगामांत ते जमलं नव्हतं.

आता कबड्डीतल्या मुलींकडे या. कामगिरी म्हणाल तर पहिल्या दर्जाची. आशियाई स्पर्धेत 2010 आणि 2014 चं सुवर्ण. 2018 मध्ये रौप्य. 2023 मध्ये हांगझाऊला पुन्हा सुवर्ण, तेही तैपेईला 26-25 असं एका गुणाने हरवून, आणि ते भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक होतं! 2018 ला आपल्याला हरवलं इराणच्या मुलींनी, आणि त्यांना घडवलं होतं आपल्या नाशिकच्या शैलजा जैन यांनी. म्हणजे खेळणाऱ्याही आपल्याकडे, शिकवणाऱ्याही आपल्याकडे.

आणि संधी? आंतरराष्ट्रीय महासंघाचा महिलांचा पहिला विश्वचषक 2012 मध्ये पाटण्याला झाला. भारत जिंकला, आणि त्या संघात आपल्या अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के होत्या. दुसरा विश्वचषक झाला 2025 च्या नोव्हेंबरमध्ये, ढाक्याला. तोही भारतानेच जिंकला. पण मधली 13 वर्षं मोजा. जी मुलगी 2012 मध्ये अठराची होती, ती ढाक्याच्या वेळी एकतीसची झाली. खेळाचं वय त्या मधल्या वर्षांतच येऊन गेलं.

प्रो कबड्डीवाल्यांनी 2016 मध्ये चौथ्या हंगामाबरोबर महिलांची स्पर्धा घेऊन पाहिली. फायर बर्ड्स, आइस दिवाज, स्टॉर्म क्वीन्स असे तीन संघ होते. 31 जुलैला हैदराबादेत अंतिम सामना झाला, 24-23 असा, एका गुणाचा. याहून चुरस ती काय हवी? तरी पुढच्या वर्षी पुरुषांची लीग झाली, महिलांची स्पर्धा झाली नाही. या मुलींना हरून सुधारायची संधी मिळाली नाहीच, पण जिंकून पुन्हा जिंकायचीही मिळाली नाही.

याचे पडसाद आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतात. आमच्या सिडकोतली एक मुलगी शाळेत असताना काय सुरेख पकड करायची! बारावीनंतर खेळ सुटला. तिची आई मला म्हणाली, ‘‘अहो ताई, मुलगा असता तर म्हटलं असतं, यंदा नाही तर पुढच्या वर्षी कुठला तरी संघ घेईल. हिला काय सांगू? कुणाची वाट बघ म्हणू?’’ त्या माउलीला मागासलेली म्हणायची माझी हिंमत झाली नाही. अंधार पडल्यावर मुलीला सरावावरून आणायला जाणं, हाफ पॅन्टवरून नातेवाइकांचं ऐकून घेणं, खुराकाचा खर्च, हे सगळं आई सोसते. फक्त त्याच्या पलीकडे काहीतरी आहे हे तिला दिसायला हवं.

लीग होईल तेव्हा होईल. तोवर आहे तो रस्ता तरी नीट माहीत असू द्या. महिला कबड्डीत वर्षानुवर्षं रेल्वेचा संघ दबदबा राखून आहे, कारण तिथे खेळाडू मुलींना नोकरी मिळते. आपल्या राज्यातही सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्र मान्यताप्राप्त स्पर्धेचं असावं लागतं आणि विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून त्याची पडताळणी करून घ्यावी लागते. गल्लीतल्या स्पर्धेची ढाल शोकेसमध्ये छान दिसते, पण नोकरीच्या अर्जाला उपयोगी पडत नाही. म्हणून मुलगी स्पर्धेला निघाली की एवढं विचारा, ही स्पर्धा कुणाच्या मान्यतेची? आणि प्रमाणपत्रं दागिन्यांसारखी जपा.

शाळेच्या पालकसभेत आपण गणित-इंग्रजीच्या मार्कांचं विचारतो. एकदा हेही विचारा की मैदान मुलींना आठवड्यात किती दिवस मिळतं. वैजापूर, पैठण, कन्नड, अंबड, कुठेही राहत असा, चार आयांनी मिळून विचारलं तर मुख्याध्यापकांना उत्तर द्यावंच लागेल.

आणि पुढच्या हंगामात पलटण-मुंबाची मॅच जरूर बघा. पण 2026 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जपानला आशियाई स्पर्धा आहे, तिथल्या महिलांच्या कबड्डीसाठीही रिमोट आधीच ताब्यात घेऊन ठेवा. बघणारे वाढले की पैसा लावणारे येतात, हे क्रिकेटने दाखवून दिलं आहे. तुमच्या गावात मुलींचा संघ असेल, त्या कुठे सराव करतात, कोण शिकवतं, काय अडतं, हे पुरवणीच्या पत्त्यावर नक्की कळवा. गावांची नावं घालून त्यावर एक सविस्तर लेख लिहायचा विचार आहे.