काळा कोट आणि कबुलीचे धैर्य

अमेरिकेतील टेक्सास राज्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये एका न्यायालयाची सुनावणी दूरदृश्य माध्यमातून सुरू असताना एका वकील महाशयांच्या चेहऱ्याच्या जागी पडद्यावर चक्क मांजराचे पिल्लू अवतरले. संगणकात कोणीतरी लावून ठेवलेला तो मुखवटा काही केल्या निघेना. अखेर आपण मांजर नसल्याचा निर्वाळा त्या ज्येष्ठ विधिज्ञांना न्यायाधीशांसमोर गंभीरपणे द्यावा लागला. सारे जग पोट धरून हसले आणि वकील महाशयांनीही ते हसून घेतले. कोणाचा हक्क बुडाला नाही, कोणाची तारीख हुकली नाही. अशा फजितीचे कोणी फारसे मनावर घेऊ नये.

परंतु न्यायालयाच्या आवारातील प्रत्येक फजिती इतकी निरुपद्रवी नसते. टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, राजस्थान उच्च न्यायालयात एका जामीनअर्जाची सुनावणी अशाच माध्यमातून होती. अर्जदाराचे वकील बनियन घालून पडद्यासमोर बसले. न्यायमूर्तींनी नापसंती व्यक्त करून सुनावणी पुढे ढकलली. वृत्तपत्रांनी बनियनची बातमी केली आणि वाचकांनी ती चहाबरोबर चवीने वाचली. मात्र पुढे ढकललेली तारीख वकिलाच्या आयुष्यातली नव्हती, त्याच्या अशिलाच्या आयुष्यातली होती. जामीन मिळाला असता की नाही, हा प्रश्न वेगळा. पण मागण्याची संधी त्या दिवशी हुकली ती आरोपीच्या कोणत्याही दोषामुळे नव्हे. चूक एकाची आणि भोग दुसऱ्याचे, हे या व्यवसायाचे वैशिष्ट्य आहे. शिंप्याचे माप चुकले तर कापड वाया जाते. वकिलाचे माप चुकले तर माणसाच्या आयुष्याची वर्षे वाया जातात.

गेल्या काही वर्षांत या फजितीने नवे रूप धारण केले आहे. कोलंबियाच्या ‘अवियांका’ या विमान कंपनीविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका प्रवाशाने दावा लावला. विमानात खाद्यपदार्थांची गाडी गुडघ्यावर आदळून इजा झाल्याची त्याची तक्रार होती. तीस वर्षांहून अधिक वकिली केलेल्या त्याच्या वकिलाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘चॅट-जीपीटी’ या साधनाकडे पूर्वनिवाडे मागितले. यंत्राने ते तत्परतेने दिले. पक्षकारांची नावे, न्यायाधीशांची नावे, उतारे, सारे काही यथासांग होते. उणीव एवढीच होती, की ते निवाडे कोणत्याही न्यायालयाने कधी दिलेलेच नव्हते! प्रतिपक्षाला ते सापडेनात, न्यायालयालाही सापडेनात. तेव्हा वकिलाने पडताळणी केली ती कोणाकडे? त्याच यंत्राकडे. हे निवाडे खरे आहेत ना, असे त्याने विचारले आणि यंत्राने होकार दिला. चोरालाच पंचनाम्यावर सही करायला सांगण्याचा हा प्रकार होता.

जून २०२३ मध्ये न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी या प्रकरणातील दोन वकील आणि त्यांची संस्था यांना मिळून पाच हजार डॉलरचा दंड केला. ज्या न्यायाधीशांच्या नावावर हे बनावट निवाडे खपवले गेले, त्यांना पत्रे पाठवून सर्व हकीकत कळवण्याचाही आदेश दिला. मात्र या निकालातील खरा मुद्दा यंत्राचा नाहीच. विश्वासार्ह साधनाची मदत घेण्यात मुळात गैर काही नाही, हे न्यायाधीशांनी स्पष्ट केले. शंका उपस्थित होताच वकिलांनी प्रांजळपणे चूक कबूल केली असती तर प्रकरणाचे स्वरूप फार वेगळे झाले असते, असेही त्यांनी नमूद केले. ते न करता वकील आपल्या म्हणण्याला चिकटून राहिले आणि एका असत्यावर दुसऱ्याचा थर चढत गेला. दंड झाला तो अज्ञानाबद्दल कमी आणि लपवाछपवीबद्दल अधिक.

हा विवेक आपल्याकडे नवा नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात आसक्तीने, लोभाने वा भयाने शास्त्राविरुद्ध निर्णय देणाऱ्या सभासदांना, म्हणजे न्यायसभेतील जाणकारांना, वादाच्या विषयावरील दंडाच्या दुप्पट दंड सांगितला आहे, आणि तोही प्रत्येकाला स्वतंत्र. कल्याणीच्या चालुक्य दरबारातील विज्ञानेश्वराने आपल्या ‘मिताक्षरे’त या वचनाचा नेमका अर्थ उलगडला. ही दुप्पट शिक्षा लोभ-भयादी कारणांनी केलेल्या दोषाला आहे, केवळ अज्ञानातून घडलेल्या चुकीला नाही, असा भेद त्याने केला. नऊशे वर्षांपूर्वीचा हा टीकाकार न्यूयॉर्कच्या न्यायाधीशाच्या किती जवळ आहे! चूक आणि चलाखी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला सुधारणा हवी, दुसरीला शासन.

परदेशातील वकिलांची अशी फटफजिती वाचून आपण सुखावण्याचे मात्र कारण नाही. लंडनच्या न्यायालयासमोर जून २०२५ मध्ये आलेल्या एका प्रकरणात सादर केलेल्या पंचेचाळीस संदर्भांपैकी अठरा निवाडे अस्तित्वातच नव्हते. तो शोध खुद्द अशिलाने यंत्राच्या मदतीने घेतला होता आणि वकिलाने तो डोळे झाकून पुढे सारला होता. आपल्याकडेही हे लोण केव्हाच पोहोचले आहे. आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बंगळुरू पीठाला डिसेंबर २०२४ मध्ये दिलेला एक आदेश आठवड्याभरातच मागे घ्यावा लागला, कारण त्यात आधार म्हणून घेतलेले निवाडे शोधूनही सापडेनात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर विभागाचा एक करनिर्धारण आदेश रद्द केला. अधिकाऱ्याने ज्या तीन निवाड्यांवर भिस्त ठेवली होती, त्यांचा कुठेच पत्ता नव्हता. यंत्राने दिलेले उत्तर पडताळून न पाहता वापरता येणार नाही, असे न्यायालयाने सुनावले. म्हणजे हा रोग केवळ वकिलांच्या दालनापुरता उरलेला नाही. निर्णय देणाऱ्याच्या मेजापर्यंत तो पोहोचला आहे. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराचे धोरण जाहीर केले आणि निष्कर्ष काढण्याच्या वा निकाल देण्याच्या कामी या साधनांचा वापर करण्यास मनाई केली. ही दिशा योग्यच म्हटली पाहिजे.

अर्थात, यंत्र येण्यापूर्वी सारे आलबेल होते असे मुळीच नाही. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा घरमालक-भाडेकरू वादातील एक निकाल, त्यातील इंग्रजीचा अर्थच लागत नाही म्हणून, रद्द करून फेरविचारासाठी परत पाठवला. ज्यांचे आयुष्य इंग्रजी कायदा वाचण्यात गेले, त्यांनाही जो निकाल उमगला नाही, तो घरमालकाला आणि भाडेकरूला काय उमगला असेल? परक्या भाषेचा अट्टाहास आणि तिच्यावरील अपुरे प्रभुत्व यांच्या संयोगातून अशा आपत्ती ओढवतात. महाराष्ट्रात दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. तरीही आपण कोणत्या मजकुरावर सही करत आहोत, हे ठाऊक नसलेले पक्षकार आजही तालुक्याच्या न्यायालयात भेटतात. स्वभाषेतून न्याय हा केवळ अस्मितेचा प्रश्न नाही. चूक वेळीच पकडली जाण्याचा तो सर्वांत सोपा उपाय आहे. ज्याचे घर पणाला लागले आहे, त्याच्याइतक्या बारकाईने तो कागद दुसरे कोण वाचणार? अर्थात भाषांतराचे कामही निष्काळजीपणे करून चालणार नाही. ‘लीव्ह ग्रँटेड’ या अपिलाला परवानगी देणाऱ्या शब्दांचे यंत्राने ‘सुट्टी मंजूर’ अशा थाटाचे भाषांतर केल्याचा किस्सा न्यायालयीन वर्तुळात चांगलाच गाजला आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. वकिलाच्या चुकीने नुकसान झाल्यास सामान्य माणसाने दाद कोठे मागावी? ‘रफिक विरुद्ध मुन्शीलाल’ या १९८१ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने, वकील गैरहजर राहिला म्हणून निर्दोष पक्षकाराला त्याची शिक्षा होऊ नये, अशी उदार भूमिका घेतली. मुदत कायद्याचे कलम ५ पुरेसे कारण असल्यास अपिलास झालेला विलंब माफ करण्याची मुभा देते. परंतु ही दारे दर वेळी उघडतातच असे नाही, आणि ती ठोठावण्यासाठीही पुन्हा वकीलच लागतो! मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, असा निर्णय दिला. वकिली हा व्यापार नव्हे, ती एक वेगळ्या प्रतीची, न्यायदानाशी जोडलेली विद्वत्तेची वृत्ती आहे, हे त्यामागील एक प्रमुख तत्त्व होय. दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावता येतो आणि ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ अन्वये बार कौन्सिलकडे तक्रारही करता येते. पण आधीच एक कज्जा हरलेला माणूस दुसरा लढण्याचे बळ आणणार कोठून?

ग्राहक न्यायालयापासून मिळालेले हे संरक्षण वकीलवर्गाने विजयोत्सवासारखे साजरे करणे योग्य नव्हे. वकिली हा व्यापार नाही, असे म्हणणाऱ्याने ती व्यापारासारखी करायची नसते. व्यापाऱ्याला लागू होणारा नियम आपल्याला नको असेल, तर त्याहून कठोर नियम स्वतःला लावून घ्यावा लागतो. व्रत म्हणायचे आणि व्रताचे नियम मात्र पाळायचे नाहीत, हा ढोंगीपणा समाज फार काळ खपवून घेत नाही. शिस्तपालन समित्यांसमोरील तक्रारी वेळेत निकाली निघतात का, दोषी ठरलेल्याचे नाव लोकांना सहज कळते का, हे प्रश्न म्हणूनच वकिलांच्या संघटनांनी स्वतःहून विचारायला हवेत.

चुकांचे मूळ शोधू गेल्यास ते शिक्षणात सापडते. देशातील राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा ‘क्लॅट’ १ डिसेंबर २०२४ रोजी झाली. तिच्या उत्तरसूचीतील चुका निस्तरण्यासाठी विद्यार्थ्यांना प्रथम दिल्ली उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न ज्या बेफिकिरीने काढले जातात तिच्याबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली. कायद्याच्या शिक्षणाचे प्रवेशद्वारच असे खिळखिळे! मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये पुरेशी तयारी नसताना उत्तरपत्रिकांची संगणकीय तपासणी हाती घेतली, तेव्हा निकालांचा जो खेळखंडोबा झाला, त्यात विधी शाखेचे विद्यार्थी सर्वाधिक रखडलेल्यांपैकी होते. त्या प्रकरणी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदमुक्त केले. नवे साधन घाईने स्वीकारायचे, पडताळणी करायची नाही आणि भुर्दंड मात्र दुसऱ्याने सोसायचा, हे न्यूयॉर्कच्या वकिलाचे वर्तन आणि विद्यापीठाचे वर्तन यांत कितीसा फरक आहे?

वर्गातील चित्रही चिंतन करायला लावणारे आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार मसुदालेखन, व्यावसायिक नीतिमत्ता आणि अभिरूप न्यायालय हे विषय सक्तीचे आहेत. परंतु अनेक महाविद्यालयांत अभिरूप न्यायालयाची वही मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या वहीवरून उतरवली जाते आणि नीतिमत्तेचा पेपर आदल्या रात्री गाइड वाचून ‘काढला’ जातो. नीतिमत्तेच्या वहीतच नक्कल करणारा विद्यार्थी उद्या न्यायालयात यंत्राची नक्कल करणार नाही, याची हमी कोणी द्यावी? सनद मिळाल्यावरही त्याला हाताला धरून शिकवणारा ज्येष्ठ भेटतोच असे नाही. कनिष्ठ वकिलांना शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. ती शिफारसच आहे, बंधन नाही. उपाशीपोटी आणि मार्गदर्शनाविना काम करणाऱ्या तरुणाकडून निर्दोष कागदाची अपेक्षा करणे, हाही एक प्रकारचा अन्यायच आहे.

उपाय फार अवघड नाहीत. उद्धृत केलेला प्रत्येक निवाडा मुळातून वाचला असल्याचे वकिलाने लेखी नमूद करावे. अशिलाला त्याच्या भाषेत कागद समजावून सांगितल्याशिवाय सही घेऊ नये. विधी महाविद्यालयांनी गाजलेल्या विजयांबरोबर गाजलेल्या चुकाही शिकवाव्यात. फसलेल्या दाव्याचे शवविच्छेदन विद्यार्थ्याला जे शिकवते, ते दहा व्याख्याने शिकवत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चूक ध्यानात येताच न्यायालयासमोर उभे राहून ती कबूल करणाऱ्याला हिणवण्याऐवजी मान देण्याची प्रथा बारमध्ये रुजली पाहिजे.

तालुक्याच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात सकाळी दहा वाजता येऊन बसणारा शेतकरी आपल्या वकिलाला ‘साहेब’ म्हणतो. सात-बाराचा उतारा, वडिलांचे मृत्युपत्र, मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवलेला जमिनीचा तुकडा असे सारे काही तो एका वकीलपत्रावर सही करून त्यांच्या स्वाधीन करतो. त्याला कायद्याची कलमे कळत नाहीत, पण माणूस कळतो. साहेब, तुमची तारीख चुकली का, असे विचारण्याचे धाडस तो सहसा करत नाही. म्हणूनच ते उत्तर त्याने न विचारताच दिले जाणे, ही त्या काळ्या कोटाची खरी प्रतिष्ठा आहे. काळ्या रंगावर डाग चटकन दिसत नाहीत हे खरे. पण तो रंग डाग लपवण्यासाठी निवडलेला नाही, याचे भान तो अंगावर चढवताना रोज सकाळी राहिले पाहिजे.