रविवारचा पराठा आणि ज्वारीचं पीठ

रविवारी सकाळी आपल्या मेसमध्ये आलूचे पराठे असतात. एरवी दहाच्या आत न उठणारेही त्या दिवशी आंघोळ न करता ताट घेऊन रांगेत उभे असतात. मीही असतो. माझा रूम पार्टनर मात्र पहिल्या सेमिस्टरपासून रविवारी "भूक नाही" म्हणून पांघरूण ओढून झोपायचा. आम्ही त्याला आधी आळशी ठरवलं, मग नखरेवाला. तिसऱ्या सेमिस्टरला त्यानं एकदाचं सांगून टाकलं की त्याला गहू चालत नाही.

"अर्धी पोळी खाल्ली त काय होते बे?" हे मीच विचारलं होतं. आज लाज वाटते.

या आजाराला सीलिअॅक म्हणतात. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्न शोषून घेणारे बारीक अंकुर झिजत जातात. पोट बिघडतं ते तरी कळतं, पण रक्त कमी होणं, वजन न वाढणं, सतत थकवा याला आपण सबमिशनचं टेन्शन म्हणून मोकळे होतो. यावर गोळी नाही. ग्लुटेन आयुष्यभर टाळायचं, एवढाच उपचार. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे हॉलंडमध्ये ब्रेड मिळेनासा झाला, तेव्हा अशी आजारी मुलं उलट सुधारली. ब्रेड परत आला आणि दुखणंही परत आलं. आजूबाजूला लोक उपाशी असताना ही पोरं सुधारत होती, हे वाचून मी दोन मिनिटं गप्पच बसलो.

आमच्या पार्टनरला मेसमधून उत्तर मिळालं, "एकासाठी वेगळं जमत नाही, भात खा." दोनशे ताटांचा हिशोब मला समजतो. पण हे उत्तर वाशिम जिल्ह्यात मिळावं? ज्या भागात आपल्या आजा-आजींचं सगळं आयुष्य ज्वारीच्या भाकरीवर गेलं आणि पोळी सणावारी व्हायची, तिथे?

स्वयंपाकाच्या मावशींचं म्हणणं वेगळं होतं. "भाकर देईन रे बाप्पा, पण ज्वारीचा पराठा होत नाही, फाटते." मावशी निम्म्या बरोबर आहेत. गव्हाचं पीठ मळलं की ग्लुटेनची जाळी तयार होते, ती रबरासारखी ताणली जाते आणि सारण पोटात धरून ठेवते. ज्वारीच्या प्रथिनांची अशी जाळी होत नाही. मग ताकद आणायची कुठून? स्टार्चमधून. कडक गरम पाण्यात ज्वारीचा स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि पीठ बांधून ठेवतो. मटेरियल सायन्सच्या तासाला हे उदाहरण द्यायला काय हरकत आहे?

दिवाळीच्या सुट्टीत रिसोड तालुक्यातल्या आमच्या घरी मी हा प्रयोग केला. प्रयोग म्हणजे, आईनं केला आणि मी नासवला. जेवढं पीठ तेवढंच पाणी. पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल टाकून खळखळ उकळायचं, पीठ घालून ढवळायचं, गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवायचं. मग हाताला चटका सोसेल इतकं गरम असतानाच मळायचं. मी थंड होऊ दिलं, म्हणून माझे पहिले तीन फाटले. आलू गाठी न ठेवता कुस्करायचा, नाहीतर गाठ पारीतून बाहेर डोकावते. लाटणं जोरात फिरवायचं नाही. ओल्या फडक्यावर थालीपिठासारखं थापलं तर जास्त सोपं जातं. मेथीचंही सारण चालतं, फक्त पाणी पिळून काढायचं.

खरी अडचण पराठ्याची नाहीच, आजूबाजूची आहे. चक्कीवर आपल्या आधी कोणाचे गहू दळले असतील तर ज्वारीच्या पिठात गव्हाचं पीठ आलंच. ग्लुटेनमुक्त असं पाकिटावर छापायचं तर आपल्या कायद्यानं किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, यावरून काय ते समजा. म्हणून ज्वारी घरीच मिक्सरवर दळलेली बरी. बऱ्याच डब्यांतल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे तर मला माहीतच नव्हतं. पोळ्यांचा तवा, पोळपाट, पिठी, सगळं वेगळं हवं. "वेगळं जमत नाही" म्हणणाऱ्यांचा एवढाच मुद्दा मला पटतो, पण तो एका तव्यानं सुटतो.

आता कोणी म्हणेल, ज्वारी आणायची कुठून? प्रश्न खरा आहे. आमच्याच शेतात सोयाबीन आणि मधे तुरीचे तास. ज्वारी विचाराल तर धुऱ्याकडेला चार ओळी, त्याही कडब्यासाठी. बाबा म्हणतात, "सगळ्या शिवारात एकट्यानं ज्वारी पेरली त सारे पाखरं आपल्याच वावरात." वरून रोही आणि रानडुकरं. बाबांना मी दोष देत नाही. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, पोस्टरं पुष्कळ लागली, पण आपल्या मेसच्या वेळापत्रकात भाकरी आली नाही. आपल्याला महिन्याला एक पोतं लागेल फार तर, तेवढी ज्वारी बाजारात मिळते.

मी मेस कमिटीला अर्ज दिला आहे. एक तवा, एक पोळपाट, एक झाकणाचा डबा आणि रविवारी अर्धा तास आधी शेगडी. थापायला मी आणि पार्टनर येऊ. मावशी "पाहू" म्हणाल्या आहेत. आईनं दिलेला लोखंडी तवा सध्या माझ्या पलंगाखाली आहे, त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधला आहे. कृपया त्यावर कोणी मॅगी करू नये.